करारावर विद्यापीठाचं कोणतं नाव घालायचं?

प्रश्न असा आला आहे. पुण्यातल्या एका विद्यापीठाचा एका मोठ्या क्लाउड कंपनीशी पाच वर्षांचा सामंजस्य करार व्हायचा आहे. त्यात सगळ्यांचं ईमेल, फायलींची साठवण, एक प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांसाठी कंपनीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम येतात. विद्यापीठाचं पूर्ण नाव लांबलचक, एका थोर व्यक्तीच्या नावाने सुरू होणारं. कंपनीच्या मसुद्यात मात्र नुसती आद्याक्षरं आहेत. अधिसभेतल्या (विद्यापीठाच्या सिनेटमधल्या) दोन-तीन सदस्यांनी त्यावर हरकत घेतली. कंपनी म्हणते, आमच्या अर्जात एवढं नाव मावत नाही. संगणक कक्ष म्हणतो, सत्र सुरू व्हायच्या आत खाती उघडायची आहेत, यात वेळ घालवू नका. आणि सहायक कुलसचिव बाई विचारतात, यात बरोबर कोण?

मी पुण्यात विद्यापीठ प्रशासनात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ करारांच्या टेबलावर. बाई, सरळच सांगतो. हरकत घेणारे सदस्य बरोबर आहेत, पण त्यांनी दिलेलं कारण अर्धंच आहे. ते मानापमानाचं बोलतायत. मानाचा मुद्दा खरा आहे, त्याच्याकडे येतोच. पण मसुद्यावर लाल पेन चालवायला त्याची गरजसुद्धा लागत नाही.

राज्यातली सार्वजनिक विद्यापीठं सध्या २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली चालतात. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात विद्यापीठाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिलंय: अखंड परंपरा, सामाईक मोहोर, आणि त्या नावाने त्याला दावा लावता येईल, त्याच नावाने त्याच्यावर दावा लावता येईल. ‘त्या नावाने’ हे दोन शब्द तुमच्या टिपणीत अधोरेखित करा. कुठलं नाव? अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याला जोडलेल्या यादीत, छापलेलं, काना-मात्रेसकट. करार आद्याक्षरांशी केलात आणि उद्या कंपनीने सेवा मध्येच बंद केली, तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील विचारणार, या चार अक्षरांची संस्था कोणत्या कायद्याने झाली आहे? दावा एवढ्यावरून बुडणार नाही, न्यायालयं इतकी कोरडी नसतात. पण ‘ते आम्हीच’ हे सिद्ध करण्यात सहा महिने जातील. ते सहा महिने कशाला द्यायचे?

विद्यापीठ अभिमत, म्हणजे ‘डीम्ड’, असेल (तुम्ही लिहिलेलं नाही) तर अनुसूचीऐवजी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याच्या कलम ३ खालची केंद्र सरकारची अधिसूचना काढा. अभिमतवाल्यांना आणखी एक काच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ मधल्या निकालानंतर आयोगाने त्यांना नावात नुसता ‘युनिव्हर्सिटी’ शब्द वापरायला मनाई केली, कंसात ‘डीम्ड’ आलंच पाहिजे. त्या हिवाळ्यात पुण्यातल्या पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी झाली. सिम्बायोसिसच्या नावात तो कंस तेव्हाच आला. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र जुनी तीन अक्षरं तशीच राहिली. ‘विद्यापीठ’ शब्द बेकायदा वापरल्याबद्दल १९५६ च्या त्या कायद्यात दंड आहे कमाल १,००० रुपये. शिक्षा एवढीशी आहे म्हणून कोणी हसू नये. खरी शिक्षा मान्यतेच्या फायलीत होते.

आता नाव बदलतं किंवा वाढतं तेव्हा काय होतं, ते आपल्या गणेशखिंडीच्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या, उदाहरणावरून बघा. १९४८ च्या कायद्याने विद्यापीठ स्थापन झालं, १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं. डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू, आणि मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. इंग्रजीत तेव्हा ते ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’ होतं. पुढे ‘पुणे’ झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. संस्था एकच, पण बाजारात पदव्या तीन नावांच्या. गेल्या पिढीतल्या एका गृहस्थांचा टोरंटोहून फोन आलेला मला आठवतो. त्यांच्या पदवीवर ‘पूना’, तिथल्या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या यादीत ‘पुणे’, आणि आम्ही नव्याने दिलेल्या गुणपत्रकाच्या प्रतीवर तिसरंच. ते म्हणाले, “साहेब, मी एकाच कॉलेजात गेलो होतो हो, तीन नाही!” आम्ही त्यांना एका पानाचा दाखला करून दिला: ही तिन्ही नावं एकाच विद्यापीठाची, अमुक कायदा, अमुक अधिसूचना, तळाशी सही आणि शिक्का. तो मसुदा नंतर माझ्या टेबलाच्या काचेखाली कायम असायचा, इतक्यांदा लागायचा.

तुमच्या करारातही पक्षकारांच्या परिचयात तेच एक वाक्य घाला. पूर्ण नाव, मग ‘पूर्वीचे’ म्हणून जुनी नावं, मग ‘यापुढे या करारात विद्यापीठ असे संबोधले जाईल’. शेवटच्या तुकड्याने लांब नावाची कटकट करारातूनच संपते. पहिल्या पानावर एकदा पूर्ण लिहिलं की उरलेल्या ४० पानांत नुसतं ‘विद्यापीठ’ पुरतं. आद्याक्षरांची गरजच कुठे उरली? कंपनीच्या विधी विभागाला हे ठाऊक असतं. मसुदा आला असेल विक्री विभागाकडून, आणि त्यांनी तो मागच्या गिऱ्हाइकाच्या मसुद्यावरून उतरवलेला असणार.

कायद्याचं एवढं पुरे. मानाकडे येतो.

महाराष्ट्रात विद्यापीठाचं नाव ही कधीच नुसती कारकुनी बाब नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली, सोळा वर्षं लढा चालला. १४ जानेवारी १९९४ ला निर्णय झाला तो ‘मराठवाडा’ शब्द ठेवून, त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव जोडून. आंदोलनाचा शब्द होता ‘नामांतर’, सरकारी शब्द झाला ‘नामविस्तार’. तेव्हापासून राज्यात जवळजवळ प्रत्येक वेळी हाच साचा वापरला गेलाय: गावाचं किंवा प्रदेशाचं नाव मागे शाबूत, पुढे थोर व्यक्तीचं. तुकडोजी महाराज आणि नागपूर, गाडगेबाबा आणि अमरावती, बहिणाबाई आणि उत्तर महाराष्ट्र, अहिल्यादेवी आणि सोलापूर, सावित्रीबाई आणि पुणे. कोणाचंच काही काढलं नाही, म्हणून तंटा मिटतो. नाव मात्र चार-पाच शब्दांचं होतं, आणि मग लोक आपसूक ते आद्याक्षरांत गुंडाळतात. जे नाव मिळवायला माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तेच पहिल्यांदा टिंबांत जातं. तुमच्या अधिसभेतल्या सदस्यांचा राग इथून येतोय. त्यांना ‘हटवादी’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना हे एकदा चहावर सांगा.

आणि हा धोका पुण्याला नवा नाही. कर्वे रस्त्यावरून जाताना विचारा कोणाला, एसएनडीटी म्हणजे काय? कॉलेज, बसथांबा, कालव्याजवळचा कोपरा, हे सगळं सांगतील. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे सांगणारा दहांत एक मिळाला तर नशीब. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. त्या काळचे १५ लाख! बायकांच्या विद्यापीठाला एका बाईचं नाव मिळालं, आणि शंभर वर्षांत त्या बाई एका ‘एन’ मध्ये मावल्या. नाथीबाईंचं काय झालं हे बघितल्यावर सावित्रीबाईंचं ‘एस’ होऊ नये असं कोणाला वाटलं, तर ते मला तरी भावनिक खूळ वाटत नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींना शिकवायला जाताना त्यांनी अंगावर शेण झेललं, ते गणेशखिंडीच्या कमानीवर एक अक्षर व्हायला नव्हे.

नाथीबाईंच्या गोष्टीत आणखी एक गोम आहे, तुमच्या कामाची. पैसे देणाऱ्याने नाव मागणं ही क्लाउड कंपन्यांनी काढलेली टूम नाही. पुण्याचं न्यू पूना कॉलेज सर परशुरामभाऊ झालं, तेही पटवर्धनांच्या जमखिंडीच्या देणगीनंतरच; आज ते ‘एसपी’. तेव्हा कंपनीने प्रयोगशाळेला स्वतःचं नाव मागितलं (मागणारच, परिशिष्टात नीट शोधा) तर दचकू नका, पण भावही कमी करू नका. ठाकरसींनी १५ लाख कायमचे दिले होते. कंपनी पाच वर्षांसाठी काही परवाने आणि वीस-पंचवीस संगणक देत असेल, तर भिंतीवरचं नावही पाच वर्षांचंच, आणि करार संपल्या दिवशी ती पाटी स्वतःच्या खर्चाने उतरवायची जबाबदारी त्यांची. हे वाक्य लिहून घ्या. एका इमारतीवर मी अशी पाटी बघितली आहे, कंपनी देश सोडून गेली तरी सात वर्षं लटकत होती.

उलट बाजूही ऐका, कारण ती हुशार माणसांची आहे. कोल्हापूरचं विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं आणि त्याचं नाव सुटसुटीत ठेवलं: शिवाजी विद्यापीठ. अलीकडे तिथे ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करा अशी मागणी झाली, मोर्चे निघाले. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की आदर कमी म्हणून नव्हे, तर ‘शिवाजी’ हे नाव रोज प्रत्येकाच्या तोंडी राहावं म्हणूनच ते आटोपशीर ठेवलंय. लांबवलंत की ‘सीएसएमयू’ होईल. मुंबईचं टर्मिनस बघा. १९९६ मध्ये व्हीटीचं सीएसटी झालं, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं तर सीएसएमटी झालं. गाडी पकडणाऱ्याच्या तोंडी ‘शिवाजी’ एकदाही येत नाही. मला हा युक्तिवाद पटतो. दोन्ही बाजूंना थोर व्यक्तीचं नाव जिवंत राहायला हवंय, भांडण मार्गावर आहे.

म्हणून माझा सल्ला असा की आखूड नाव लागेल तिथे आद्याक्षरं करू नका, शब्द गाळा. चार शब्दांचे दोन करा, पण व्यक्ती राहू द्या. ‘फुले विद्यापीठ’, ‘बहिणाबाई विद्यापीठ’, ‘अहिल्यादेवी विद्यापीठ’ असं. मराठी कानाला हे सहज बसतं, आपण बोलतोही तसंच. पुणेकर तर त्याहूनही कंजूस: ‘विद्यापीठ’ म्हणतो आणि संपलं. ज्या चौकाला आचार्य आनंदऋषीजींचं नाव दिलंय त्याला रिक्षावाला विद्यापीठ चौकच म्हणतो, आणि तिथला उड्डाणपूल पाडून नवा बांधला तरी त्याचं चौकाचं नाव हललं नाही. तोंडातलं नाव ठराव करून बदलत नाही. तुम्हाला ठरवायचं आहे ते यंत्रातलं आणि कागदावरचं.

एक विद्यापीठ याला अपवाद आहे, आणि तेही पुण्याचंच. शिवाजीनगरचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचं. २०२२ च्या कायद्याने त्याचं विद्यापीठ झालं, तेव्हा आद्याक्षरंच अधिकृत नावात गेली: सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. तिथे लोकांच्या तोंडातलं नाव इतकं घट्ट होतं की कायद्याने ते उचललं. मग तिथे करारावर आद्याक्षरं घातली तर ती बरोबर, उलगडून लिहिलीत तर चूक! म्हणून म्हणतो, अंदाज नको, अनुसूची किंवा कायदा समोर ठेवून अक्षर-अक्षर ताडून घ्या.

आता ‘आमच्या अर्जात मावत नाही’ हे कंपनीचं म्हणणं. हे अर्ध खरं, अर्ध आळस. मी इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं मोकळ्या जागांसकट मोजून ठेवली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव ३२ अक्षरांचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं ४४, सोलापूरचं ४७, आणि बहिणाबाईंचं ५८. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्रात (तो पत्त्याशेजारच्या कुलुपामागचा दाखला) संस्थेच्या नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती जागतिक मानकातच आहे, कंपनीच्या मनची नाही. म्हणजे ही सगळी नावं मावतात. बहिणाबाईंच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘जळगाव’ जोडलंत तर ६७ होतात, तेव्हा मात्र अडतं. तुमचं नाव मोजा. ६४ च्या आत असेल तर ‘मावत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. त्यांचा एखादा रकाना ३० चा असेल तर तो त्यांनी वाढवायचा.

खरी अडचण मोबाइलच्या संदेशात आहे. संदेश पाठवणाऱ्याची ओळख नियमाने सहा अक्षरांची, तिथे आद्याक्षरांना पर्याय नाही. आणि मजकूर देवनागरीत पाठवला तर एका संदेशात १६० ऐवजी ७० च चिन्हं बसतात. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ यात काना-मात्रा-वेलांट्या धरून ३१ जातात. निम्मा संदेश नावातच! परीक्षेची तारीख सांगायला उरतात ३९, नाहीतर दोन संदेशांचे पैसे मोजा. अशा ठिकाणी शब्द गाळलेलं नाव वापरा. तिथे पूर्ण नावाचा आग्रह धरणाऱ्या सदस्याला हा हिशेब दाखवला की ऐकतात, माझा अनुभव आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र या कुठल्याच रकान्यात होत नाही. ती होते खातं उघडताना. कंपनीच्या सेवेत विद्यापीठाचं मूळ खातं काढायचं तेव्हा पडद्यावर एक चौकोन येतो: संस्थेचं नाव. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत तर पहिलं नाव ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’च्या आधी लागतं आणि ते पुढे फायलींच्या दुव्यांत दिसत राहतं. अधिसभेने तीन बैठका ज्या नावावर घालवल्या, ते प्रत्यक्षात ठरवतो कोण, तर संध्याकाळी साडेपाचला घरी जायच्या गडबडीतला कंत्राटी तंत्रज्ञ. आमच्या ओळखीच्या एका संस्थेत त्याने घातलं ‘टेस्ट’, मागे आकडा. चाचणीसाठीच होतं बिचाऱ्याचं. पुढे तेच खातं चालू राहिलं, आणि प्राध्यापकांनी परदेशी पाहुण्यांना पाठवलेल्या प्रत्येक दुव्यात ‘टेस्ट’ झळकत होतं. तेव्हा बाई, संगणक कक्षाला आजच लेखी कळवा: नावाचा ठराव होईपर्यंत मूळ खातं उघडायचं नाही. चाचणी करायची तर वेगळ्या, टाकून द्यायच्या खात्यात.

पत्त्याचंही तसंच. विद्यापीठांचे ‘एसी डॉट इन’ पत्ते अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात. ते विद्यापीठाच्या मालकीचे असतात, कंपनीच्या नव्हे, आणि म्हणूनच सोनं आहेत. सगळ्यांचं ईमेल त्याच पत्त्यावर ठेवा. कंपनीच्या पत्त्यावर एकही विद्यार्थी नको. नाव वाढलं म्हणून पत्ता लगेच बदलायची घाईही नको. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये वाढलं, संकेतस्थळ आजही ‘युनिपुणे’ आहे, आणि नव्वदच्या दशकातल्या शोधनिबंधांवर त्याहून जुना ‘युनिपुणे डॉट अर्नेट’ असा पत्ता सापडतो. छापलेला निबंध परत छापता येत नाही. नवा पत्ता घ्यायचाच तर जुना शेजारी चालू ठेवा, निदान दहा वर्षं. आणि संशोधन कक्षाला सांगा की निबंधावर संस्थेचं नाव एकाच रूपात घाला. एकाच विभागातले चार जण चार तऱ्हेने लिहितात, आणि मग क्रमवारीच्या वेळी आपलेच निबंध आपल्या नावावर सापडत नाहीत.

कंपनी निघून जाण्याचा किंवा अटी बदलण्याचा विचारही नावाशीच जोडलेला आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये जाहीर केलं की यापुढे संस्थेला मिळून १०० टेराबाइट, आणि २०२२ च्या जुलैपासून ते लागू झालं. त्यांचा हक्क होता तो. पण ज्यांचा पत्ता स्वतःचा होता त्यांना हलता आलं. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर तर विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी कोणाच्या नावावर, हे संमतीच्या पानावर स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तिथे टोपणनाव चालत नाही.

आणखी एक नाव तुमच्या मसुद्यात खटकणार आहे, आणि त्यावर अधिसभेत कोणी बोललेलं दिसत नाही. ‘भागीदारी’. कंपनी स्वतःला ‘टेक्नॉलॉजी पार्टनर’ म्हणवते, आपले जनसंपर्कवाले त्याचं ‘तंत्रज्ञान भागीदार’ करतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदारी म्हणजे नफा वाटून घेण्यासाठी एकत्र केलेला धंदा. तुम्ही नफा वाटणार आहात का? नाही, तुम्ही परवान्यांचे पैसे देणार आहात. मग तो पुरवठादार झाला. गंमत म्हणजे त्याच मसुद्यात, शेवटून तिसऱ्या-चौथ्या पानावर, ‘या करारामुळे उभय पक्षांत भागीदारी निर्माण होत नाही’ असं कलम असणार, कंपनीच्याच वकिलाने घातलेलं. शीर्षकात ‘सहकार्य’ लिहा. खऱ्या अर्थाने मिळून उभं केलेलं काही बघायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे: आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उभारलेली, सगळ्या विद्यापीठांसाठी. तिथे नावातच ‘आंतरविद्यापीठ’ आहे. १९८८ चाच सी-डॅक, सरकारी संगणक संशोधन केंद्र, ज्याने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, तोही याच आवारात वाढला. पण सी-डॅक हा सी-डॅक राहिला आणि विद्यापीठ विद्यापीठ. शेजार होता, त्याला कोणी भागीदारी म्हटलं नाही.

नाव आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी हे कलम स्वतंत्र ठेवा. कंपनीने कुठेही आपलं नाव छापण्याआधी लेखी संमती, छापायचं ते परिशिष्टात दिलेल्या रूपातच, इंग्रजी स्पेलिंग आणि देवनागरी दोन्ही तिथे दिलेली, करार संपताच वापर बंद. स्पेलिंगवर हसू नका. थोर व्यक्तीचं नाव पत्रकात चुकीचं छापून आल्यावर कुलगुरूंच्या दालनासमोर जी गर्दी जमते ती मी आवरली आहे, मध्यस्थ म्हणून घसा बसला होता.

आता क्रम. आधी विधी अधिकाऱ्यांकडून अनुसूचीची किंवा अधिसूचनेची प्रत नस्तीला (फायलीला) लावा. मग व्यवस्थापन परिषदेकडे छोटी टिपणी न्या, दीड पान, जास्त नको: अधिकृत नाव अमुक, आखूड नाव लागेल तिथे अमुक, सहा अक्षरांच्या जागी अमुक, याव्यतिरिक्त कोणतंही रूप नाही. अधिसभेच्या हरकतींचा उल्लेख त्यात आदराने करा आणि त्या सदस्यांपैकी एकाला आखूड नाव ठरवायला बसवा. विरोध करणारा माणूस मसुदा लिहायला बसला की फार चांगला लिहितो. ठराव झाला की कंपनीला परिशिष्टासह पाठवा. मुद्रांक पाचशेचा घ्या, शंभराचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. सही कुलसचिवांची, मोहोर विद्यापीठाची. प्रकल्प समन्वयक प्राध्यापकांची सही साक्षीदाराच्या जागी. उत्साहाच्या भरात प्राध्यापकांनीच पक्षकार म्हणून सही ठोकल्याचे दोन करार मी परत फिरवलेत.

राहिले लेखा विभागवाले. बिलं कोणत्या नावाने येणार ते करारातच लिहा, आणि ते नाव पॅन, टॅन (करकपातीचा क्रमांक), जीएसटी नोंदणी आणि बँक खात्याशी ताडून बघा. नाव वाढून वर्षं झाली तरी यातली एखादी नोंद जुन्याच नावावर असते, बहुधा टॅन. एकदा आद्याक्षरांच्या नावाने आलेलं बिल लेखापरीक्षकांनी चार महिने अडकवून ठेवलं, शेरा मारला होता: ‘सदर संस्था कोणती?’ आणि जाता जाता आवक-जावक विभागातले रबरी शिक्के तपासा. दोन पिढ्यांपूर्वीच्या नावाचा एक तरी शिक्का कुठल्या तरी खणात शाई लावून तयार असतो. तो काढून घ्या, नोंदवहीत जमा दाखवा आणि खणाची किल्ली तुमच्याकडे ठेवा.